पट्टी दिवसाला एकच

...म्हणून तुम्हाला सांगतो, सरहद्द ओलांडायची असेल ना, तर सोबतीला थोडासा खोटारडा माणूस घ्यावा. फार नाही, भाजीत मीठ घालतो तेवढा. आमच्या गाडीत माणसं चार आणि खोटारडा एकच, तोही कच्चा, आणि त्या बिचाऱ्याच्या शेजारी कोण बसलेलं? तर आमचे तिहोकाका! आता तिहोकाका म्हणजे काय चीज आहे हे आमच्या बेचेय गावात कुणालाही विचारा. पस्तीस वर्षं वजनमापं खात्यात काढली त्यांनी. बाजारात शिरले की भाजीवाल्या बाया न विचारता दोन बटाटे जास्त टाकायच्या, आणि काका ते दोन बटाटे काढून परत ठेवायचे. वजन म्हणजे वजन. सख्ख्या बहिणीच्या लग्नात मिठाईवाल्याचा काटा तपासला हो या माणसानं, वऱ्हाडी ताटकळत उभे!

असा माणूस आमच्या टोळीत. टोळी म्हणजे घाबरू नका, खेळातली टोळी. एअरसॉफ्ट. बंदुका दिसायला अगदी खऱ्या, माझ्या बायकोची आई तर अजून आमच्या दारातून आत येताना भिंतीला धरून येते, पण आत बॅटरी, मोटर आणि नळीतून निघते वाटाण्याएवढी प्लास्टिकची गोळी. रविवारी आम्ही बंद पडलेल्या साखर कारखान्यात जातो, एकमेकांवर झाडतो, आणि संध्याकाळी मासे भाजून खातो. मी बोश्को, एरवी लोकांचे पाणी तापवायचे बंब दुरुस्त करतो, खेळात मात्र टोळीचा वैद्य. कप्तान आमचा वुकाशिन, दातांचा डॉक्टर. आणि झिव्को, फुलवाला, कारण गाडी त्याची. गाडीवर मागे मोठं पुष्पचक्र रंगवलंय आणि खाली लिहिलंय ‘अखेरच्या निरोपासाठी वेळेवर पोहोचतो’. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता या खेळात एक गोम आहे. गोळी लागली की डाग पडत नाही, रंग उडत नाही, काही नाही. लागली हे फक्त ज्याला लागली त्यालाच कळतं. मग काय करायचं? आपणच हात वर करायचा, ‘लागली’ म्हणून ओरडायचं, खिशातलं लाल फडकं डोक्यावर टाकायचं आणि गप्प बसायचं. मेलेला माणूस बोलत नाही. शत्रूशी नाही, मित्राशी नाही, देवाशीसुद्धा नाही. मग वैद्यानं, म्हणजे मी, धावत जाऊन त्याच्या दंडाला पट्टी बांधायची, शंभरपर्यंत मोजायचं, की माणूस जिवंत. पण पट्टी दिवसाला एकच. दुसऱ्यांदा लागली की जायचं कुंपणापलीकडच्या बाकावर आणि संध्याकाळपर्यंत बसायचं. सगळा खेळ माणसाच्या जिभेवर चाललाय बघा. आणि ज्या खेळात सगळं जिभेवर, तिथे तिहोकाका म्हणजे मासा पाण्यात! गोळी कानाजवळून नुसती गेली तरी हा माणूस विचारात पडतो, ‘केसाला लागली असेल का रे?’

तर यंदा जायचं होतं हंगेरीत. दर जूनमध्ये जातो, पलीकडे एक जुनी लष्करी छावणी आहे, खिडक्या नसलेल्या इमारती, आत बाभळी वाढल्यात, तिथे बार्नाबाशची टोळी आम्हाला बोलावते. बार्नाबाश म्हणजे काकांच्याच वयाचा, त्रेसष्ट-चौसष्ट, रेल्वेतून निवृत्त, आणि गेली अकरा वर्षं आमच्या काकांना मारतोय. अकरा वर्षांत काकांची एक गोळी त्याला लागलेली नाही. एक! परतीच्या वाटेवर काका खिडकीबाहेर बघत बसायचे. आणि यंदाची गोष्ट वेगळी होती, कारण पुढच्या मंगळवारी काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. नवा गुडघा बसवायचा, आणि डॉक्टरनं स्पष्ट सांगितलेलं की यापुढे धावणं नाही, खाली बसणं नाही, खड्ड्यात लपणं तर नाहीच नाही. म्हणजे शनिवारचा खेळ शेवटचा. बार्नाबाशला एक गोळी मारायची शेवटची संधी. आम्ही तिघांनी काकांच्या मागे ठरवलं की काहीही होवो, म्हाताऱ्याला दहाच्या आत मैदानावर पोहोचवायचं. दहाला बंदुकांची मोजणी बंद होते, गोळीचा वेग बघतात यंत्रावर, आणि ज्यांची मोजणी नाही त्यांना खेळ नाही. टोळीत चारपेक्षा कमी असले तरी खेळ नाही.

निघालो पहाटे. सरहद्दीच्या अलीकडे रांग. आणि रांगेत काका म्हणतात, ‘बोश्को, मागे ते काय आहे?’

म्हटलं, ‘कुलेन आहे काका. झिव्कोच्या बायकोनं दिलंय. बार्नाबाशसाठी.’

‘मांस पलीकडे न्यायला बंदी आहे.’

‘काका, कोण बघतंय?’

‘मी बघतोय.’

मग काय! दोन किलो कुलेन, डुकराच्या मांसाचं जाडजूड सॉसेज, तिखटानं लालभडक, धुरात टांगून सहा महिने मुरवलेलं, ते आम्ही चौघांनी सकाळी सात वाजता रांगेत उभं राहून खाल्लं. पाव नाही, काही नाही. झिव्कोच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिखटानं की बायकोच्या आठवणीनं कोण जाणे. शेवटची फोड मी गिळली आणि काका विचारतात, ‘पोटातून नेणं हे नेण्यात धरतात का रे?’ म्हणून म्हणतो, थोडासा खोटारडा माणूस घ्यावा!

आणि घेतला होता ना! वुकाशिन डॉक्टर. त्यानं आदल्या दिवशीच सगळं ठरवलेलं. दात काढताना जसा बोलतो ना, ‘अजिबात दुखणार नाही हं’, तसल्या आवाजात तो म्हणाला, ‘हे बघा, खेळ वगैरे सांगायचं नाही. मागच्या वर्षी खेळ सांगितला तर तीन तास गेले. आपण नाटक मंडळी आहोत. बंदुका नाटकातल्या. वाजतात फक्त. तिहोकाका, तुम्ही काही बोलायचं नाही.’

काका म्हणाले, ‘मला विचारलं नाही तर मी बोलणार नाही.’

‘आणि विचारलं तर?’

‘मग विचारलेलं असेल ना.’

आमचा नंबर लागला तेव्हा साडेसात वाजले होते. हंगेरीच्या कचेरीतून एक मिशीवाले साहेब बाहेर आले, गाडीच्या मागचं पुष्पचक्र बघितलं, टोपी काढली, मागचं दार उघडलं, चार बंदुका बघितल्या, टोपी पुन्हा घातली. ‘चला आत.’ आत टेबल, टेबलावर आमच्या सगळ्या पिशव्या, माझी वैद्याची पिशवी पण. ‘टेबलावरच्या कशालाही हात लावायचा नाही.’ बरं.

डॉक्टर पुढे. छाती काढून. ‘साहेब, आम्ही नाटकवाले.’

‘नाटक कुठलं?’

आता हा माणूस रोज दहा जणांशी खोटं बोलतो, दुखणार नाही, दुखणार नाही, आणि इथे त्याची दातखीळ! ‘नाटक... ऐतिहासिक... कौटुंबिक... म्हणजे युद्ध आहे, पण घरातल्या घरात.’

साहेबांनी डॉक्टरचीच बंदूक उचलली. ‘जड आहे. आत काय आहे?’

‘मोटर, साहेब. नुसती वाजते. आवाजासाठी.’

‘गोळी?’

‘छे छे छे छे.’ चार वेळा! खरं बोलणारा माणूस एकदाच छे म्हणतो हो.

साहेब म्हणाले, ‘बघू वाजवून.’ आणि जबाबदार माणूस, आमच्यावर नाही हो रोखली, कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे रोखली आणि ओढला चाप. आता डॉक्टरनं गोळ्यांची डबी काढून ठेवली होती, पण नळीत एक गोळी उरते, नेहमी उरते, काकांनी त्याला हजारदा सांगितलंय की निघण्याआधी नळी रिकामी कर. केली नव्हती. घर्रर्र! आणि कपाटावर टक. संपलं. कुणाला काही दिसलं नाही, काही कळलं नाही. साहेब म्हणाले, ‘हं, वाजते खरी.’ डॉक्टरचा चेहरा उजळला. साहेबांचा हात शिक्क्याकडे गेला. मी घड्याळ बघितलं, आठला पाच कमी, म्हटलं सुटलो...

आणि मागून आवाज, ‘लागली!’

वळून बघतो तर तिहोकाका. हात वर. दुसऱ्या हातानं खिशातून लाल फडकं काढलं, झटकलं, डोक्यावर टाकलं, आणि सावकाश, गुडघा सांभाळत, भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसले. गोळी कपाटावरून उडून त्यांच्या पोटाला लागली होती. जिथे कुलेन होतं बरोब्बर तिथे.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ‘काय झालं? काय लागली? यांना काय झालं?’ मी म्हटलं, ‘साहेब, काही नाही, ते मेलेत.’ घाईघाईत माणूस काय बोलतो बघा! साहेब पांढरे. काकांच्या पुढे वाकून विचारतायत, ‘आजोबा, दुखतंय का? आजोबा, ऐकू येतंय का?’ आजोबा समोरच्या भिंतीकडे बघतायत. मेलेला माणूस बोलत नाही.

‘काका,’ मी म्हटलं, ‘अहो खेळ अजून सुरू नाही झाला. ही कचेरी आहे. इथे तुम्ही मरू शकत नाही.’ काहीही नाही. एक भुवई जरा हलली, म्हणजे त्यांना पटलं नाही.

आणि डॉक्टर माझ्या कानात काय कुजबुजतो सांगू? ‘जिवंत नको करूस. मेलेलाच बरा आहे. खरं तरी बोलणार नाही.’ मला क्षणभर पटलं हो, खोटं कशाला सांगू. पण घोडं अडलं ते कागदावर. चारही बंदुकांची यादी, नंबरासकट, काकांनीच केलेली, खाली सही काकांची, कारण टोळीत हिशेबाचं माणूस तेच. साहेब म्हणाले, याच माणसानं माझ्यासमोर सही केली पाहिजे, आणि त्याला बरं नसेल तर डॉक्टर बोलवावा लागेल, पंचनामा करावा लागेल, कारण चाप मी ओढला. भला माणूस. त्याला खरंच वाटत होतं की आपण एका म्हाताऱ्याला काहीतरी केलं.

बाहेर तर आणखी मजा. दार उघडं, रांगेतल्या लोकांना दिसतंय काय? अखेरच्या निरोपाची गाडी, आत डोक्यावरून कापड घेतलेला निश्चल म्हातारा. एका बाईनं छातीवर क्रुसाची खूण केली. दुसरीनं झिव्कोला विचारलं, ‘तुमचे कोण?’ झिव्को म्हणाला, ‘टोळीतले.’

साहेबांनी आपल्या वरच्या अधिकारी बाईंना बोलावलं. बाई आल्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला, हातात कॉफी. साहेबांनी एका दमात सगळं सांगितलं. बाईंनी कॉफीचा घोट घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘हे उठत का नाहीत?’

आता लपवून काय उपयोग? मी सगळं सांगितलं. खेळ, फडकं, मेलेला बोलत नाही, वैद्य मी, पट्टी पिशवीत, पिशवी टेबलावर, आणि टेबलाला हात लावायचा नाही. बाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘मग बांधा की.’

तुम्हाला सांगतो, पंधरा वर्षं पट्ट्या बांधतोय, चिखलात बांधल्यात, पावसात बांधल्यात, पण दोन सरकारी माणसांसमोर, मागे शंभर गाड्या भोंगे वाजवतायत आणि मी काकांच्या दंडाला पट्टी बांधून मोठ्यानं मोजतोय, एक, दोन, तीन... साठला पोहोचलो तेव्हा बघतो तर मिशीवाले साहेबही ओठांनी मोजतायत. शंभर! काकांनी फडकं काढलं, घडी घातली, खिशात ठेवलं. ‘आभारी आहे बोश्को. हं साहेब, विचारा.’

बाईंनीच विचारलं. ‘नाटक आहे का हे?’

‘नाही बाई. खेळ आहे. चार बंदुका, सहा हजार गोळ्या. आणि दोन किलो मांस, पण ते पोटात आहे, चौघांत मिळून. ते धरायचं असेल तर धरा.’

डॉक्टरनं डोळे मिटले. बाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि काकांकडे बघितलं. ‘तुम्हाला गोळी लागली हे कुणी बघितलं?’

‘कुणी नाही.’

‘मग सांगितलंत कशाला? शिक्का पडतच होता.’

काकांना प्रश्नच कळला नाही हो. आमच्याकडे बघितलं, पुन्हा बाईंकडे बघितलं. म्हणाले, ‘लागली होती ना बाई.’

बाई टेबलापाशी गेल्या, यादी घेतली, काकांची सही घेतली, आणि धाडकन शिक्का मारला. एक पिशवी उघडली नाही. साहेबांना म्हणाल्या, ‘या माणसाची गाडी तपासून काय करणार तू? काही असतं तर त्यांनी सांगितलं असतं.’ आणि डॉक्टरला जाता जाता, ‘तुम्ही मात्र नाटकात जाऊ नका.’

तरी सव्वानऊ झाले. झिव्कोनं अशी गाडी मारली की अखेरच्या निरोपाला इतक्या वेगानं आजवर कुणी गेलं नसेल. दहाला तीन मिनिटं कमी असताना मोजणीला पोहोचलो. आणि मोजणीच्या टेबलावर काका काय म्हणाले? ‘लिहून घ्या, माझी आजची पट्टी झालेली आहे.’ मोजणीवाला म्हणाला, ‘खेळ सुरू व्हायचाय अजून.’ काका म्हणाले, ‘नियमात दिवसाला एक आहे. खेळाला एक असं लिहिलेलं नाही.’ मी हात जोडले, ‘काका, ती सरहद्दीवरची होती, कपाटावरून उडालेली!’ ‘बोश्को, तू बांधलीस. मी उठलो. मग झाली ना?’ म्हणून म्हणतो... जाऊ दे, किती वेळा म्हणू.

शिट्टी झाली. काका एका पडक्या भिंतीमागे खड्ड्यात बसले, मी त्यांच्यापासून वीस पावलांवर. आणि काय सांगू, चौथ्या मिनिटाला समोरून कोण यावं? बार्नाबाश! एकटा, बाभळी बाजूला सारत, तोंड भलतीकडे. काकांनी बंदूक उचलली. एकच गोळी. बार्नाबाश थांबला. छातीकडे बघितलं. आणि हात वर केला, ‘लागली!’

अकरा वर्षं! मी नाचायचा बाकी होतो. डॉक्टर तिकडून ओरडला, झिव्को ओरडला, बार्नाबाशची माणसंसुद्धा टाळ्या वाजवायला लागली, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आणि काका खड्ड्यातून उभे राहिले, गुडघा धरून, आणि हात वर केला.

‘मला आधी लागली होती. पोटरीला. डावीकडून कुणीतरी मारली. मी चाप ओढायच्या आधी.’

कुणीतरी! ज्यानं मारली त्यालाही पत्ता नव्हता. ‘बार्नाबाश, तुझं फडकं काढ,’ काका म्हणाले, ‘तुला मेलेल्या माणसानं मारलंय. ते धरत नाहीत.’ मी पट्टी घेऊन धावलो, सवयीनं. काकांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मला आठवलं, आजची पट्टी संपली. त्यांनी डोक्यावर लाल फडकं टाकलं आणि लंगडत निघाले कुंपणाकडे. शेवटचा खेळ. चार मिनिटं. मला भरून आलं हो, आत्ताही येतंय.

पण पुढे ऐका. बार्नाबाशला त्याचा वैद्य पट्टी बांधायला आला, तर त्यानं हाकलला. स्वतःचं फडकं डोक्यावर तसंच ठेवून तोही काकांच्या मागे कुंपणापलीकडे! काकांच्या बायकोनं खसखशीचा श्ट्रुडल, म्हणजे गोड गुंडाळी, दिलेला, तो मध्ये ठेवला, आणि दोघे म्हातारे लाल फडकी घेऊन बाकावर बसले. बाकावर बोललेलं चालतं. झालं! ‘तिहोमिर, तू मला मारलंस.’ ‘नाही मारलं.’ ‘मला लागलीय, मला ठाऊक नाही होय?’ ‘लागली असेल, पण मी मेलो होतो.’ ‘तुझी गोळी नळीतून आधी निघाली असेल!’ ‘मी वजनमापं खात्यात होतो, मला आधी-नंतर शिकवू नकोस.’ दुपारी चारपर्यंत हेच. पलीकडे आम्ही हरलो, सपशेल हरलो, कुणाला त्याचं काही नव्हतं. मी शेवटी जाऊन बघितलं तर श्ट्रुडल संपलेला, दोघांचे डोळे चमकतायत, आणि काका असे हसत होते की पस्तीस वर्षांत त्या बाजारानं त्यांना तसं हसताना बघितलं नसेल. ऑपरेशनही छान झालं, बरं का. आता दोघे एकमेकांना पत्रं लिहितात. प्रत्येक पत्रात मैदानाचा नकाशा.

आता परतीचं तेवढं सांगतो आणि थांबतो. सहा वाजलेले, लख्ख ऊन, रांग नाही. हंगेरीच्या त्याच बाईंनी हात हलवून सोडलं. आपल्या बाजूचा शिपाई तर उठलाही नाही, आतूनच म्हणाला, ‘काही आणलंय? नाही ना? निघा.’ झिव्कोनं गियर टाकला. मी काकांकडे बघितलं, काका गाढ झोपलेले, तोंड उघडं. म्हटलं देवा, आज एकदा तरी माझ्याकडे बघितलंस.

आणि मागून घसा खाकरल्याचा आवाज. वुकाशिन डॉक्टर. लालबुंद झालेला. खिडकीची काच खाली करून म्हणतो, ‘साहेब, थांबा. माझ्या डाव्या बुटात बंदुकीची नवी मोटर आहे, पलीकडे विकत घेतलेली. आणि उजव्यात दुसरी.’

अडीच तास. शेवटच्या पिशवीपर्यंत सगळं उपसलं. काका उठले, सगळं ऐकलं, आणि डॉक्टरच्या पाठीवर थाप मारली. तेव्हा कळलं का मंडळी, मी का सांगतोय ते? सोबतीला थोडासा खोटारडा माणूस घ्यावा. आमच्याकडे एकच होता, तोही बिघडला.